लिझर्डचा किनारा आणि त्याचे पहारेकरी

इंग्लंडचा नकाशा डोळ्यांपुढें आणला, तर नैर्ऋत्येच्या कोपऱ्यांत जमिनीचा एक लांबट पाय अटलांटिक महासागरांत पुढें सरकलेला दिसतो. हा कॉर्नवॉलचा प्रांत. या पायाच्या टोकाशीं दोन भूशिरें आहेत. पश्चिमेकडील भूशिर तें ‘लँड्स एंड’, आणि दक्षिणेकडे झुकलेलें तें लिझर्ड. ब्रिटनच्या मुख्य भूमीचें अगदीं दक्षिणेकडचें टोक म्हणजे हें लिझर्ड. येथील खडक सर्पेंटाइन जातीचा, हिरवट-तांबूस छटांचा. पाण्यानें भिजला म्हणजे सापाच्या कातडीसारखा चकाकणारा. येथील कडे सरळ समुद्रांत उतरतात; पण कडा संपला म्हणून खडक संपत नाहीं. पाण्याच्या पृष्ठभागाखालीं दूरवर त्याचे सुळके पसरलेले असतात, आणि भरतीच्या वेळीं त्यांतील पुष्कळसे झांकले जातात. अटलांटिकमधून इंग्लिश खाडींत शिरणाऱ्या जहाजांची वाट नेमकी या टोकासमोरून जाते. शेंकडों वर्षें दर्यावर्दी माणसानें ‘इंग्लंड आलें’ असें म्हणावयाचें तें लिझर्ड दिसल्यावर. आणि कित्येकांच्या बाबतींत तें दिसलें तेंच फार उशिरां.

अशा ठिकाणीं एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या उभा राहत आला आहे. समोरून जाणाऱ्या जहाजांकडे आणि होड्यांकडे लक्ष कोणीं ठेवावयाचें? राजानें, व्यापाऱ्यानें, कीं कड्यावर राहणाऱ्या शेजाऱ्यानें? लिझर्डच्या इतिहासांत या प्रश्नाला निरनिराळ्या काळीं निरनिराळीं उत्तरें मिळालीं. त्यांतील सर्वांत अलीकडचें उत्तर इ. स. १९९४ मध्यें, दोन कोळ्यांच्या मृत्यूनंतर, तेथील सामान्य रहिवाशांनीं दिलें. त्या उत्तराचें मोल कळण्यासाठीं आधींचीं उत्तरें पाहिलीं पाहिजेत.

आरंभीं या कड्यांवरून समुद्राकडे पाहणें हें युद्धाचें काम होतें. इ. स. १५८८ च्या जुलै महिन्यांत स्पेनच्या राजानें इंग्लंडवर पाठविलेलें प्रचंड आरमार प्रथम दृष्टीस पडलें तें लिझर्डच्या परिसरांत. किनाऱ्यावरील टेकड्यांवर लांकडांचे ढीग आधींच रचून ठेविलेले होते. एका टेकडीवर जाळ दिसला कीं दुसरीवर करावयाचा, असा संकेत होता. त्या जाळांच्या रांगेनें शत्रूच्या आगमनाची वार्ता देशभर पोंचविली. पण हा पहारा शत्रूसाठीं होता. बुडणाऱ्यासाठीं पहारा ठेवावा, ही कल्पना राज्यकर्त्यांच्या मनांत यावयास अजून पुष्कळ काळ जावयाचा होता.

बुडणाऱ्यांसाठीं कांहीं करावें असा मोठा प्रयत्न १६१९ सालीं झाला. सर जॉन किलिग्रू नांवाच्या कॉर्नवॉलमधील एका सरदारानें स्वतःच्या खर्चानें लिझर्डवर दीपगृह उभारलें. परवानगी देतांना, शत्रूचीं जहाजें येतांना दिसलीं तर दिवा ताबडतोब विझवावा, अशी अट त्याला घालण्यांत आली होती. सरकारपेक्षां त्याला अधिक त्रास झाला तो शेजाऱ्यांचा. फुटलेल्या जहाजांतून किनाऱ्यावर वाहून येणारा माल ही त्या गरीब वस्तीची जुनी मिळकत होती; दिवा लागला म्हणजे देवाच्या कृपेनें मिळणारें हें दान बंद होणार, अशी लोकांची तक्रार असल्याचें किलिग्रूनेंच एका पत्रांत लिहून ठेविलें आहे. जहाजमालकांची वागणूकहि निराळी नव्हती. त्यांनीं दिव्याचा लाभ घेतला, पण त्याच्या खर्चासाठीं वर्गणी देण्यास हात आंखडता घेतला. अखेर दिवा विझला आणि मनोराहि पाडून टाकण्यांत आला. त्यानंतर शंभरावर वर्षें लिझर्ड अंधारांत राहिलें. आज तेथें उभें असलेलें दीपगृह १७५२ सालीं प्रथम उजळलें.

या किनाऱ्यावरील लोकांविषयीं पुढें कथा-कादंबऱ्यांतून भयंकर गोष्टी पसरल्या. हे लोक खोटे दिवे दाखवून जहाजें मुद्दाम खडकांवर ओढून आणीत, अशी समजूत इंग्लंडभर रूढ झाली. इतिहाससंशोधकांनीं या समजुतीचा माग काढून पाहिला. परंतु तिला भरंवशाचा पुरावा सांपडलेला नाहीं. वाहून आलेला माल लोक उचलीत, हें खरें. आणि तोच माल वाहून आणणाऱ्या लाटांत शिरून याच लोकांनीं परक्या माणसांना बाहेर ओढून काढलें, हेंहि तितकेंच खरें. लोभ आणि दया यांना राहण्यासाठीं वेगवेगळीं घरें लागत नाहींत.

दीपगृह झालें तरी प्रश्न सुटला नव्हता. दीपगृहामुळें जमीन कोठें आहे हें जहाजाला कळतें. पण जहाज संकटांत आहे हें जमिनीवरच्या माणसाला त्यामुळें कळत नाहीं. आणि कळलें, तरी हातीं साधन नसेल तर त्या कळण्याचा उपयोग काय? या दुसऱ्या प्रश्नानें लिझर्डच्या लोकांना हलवून सोडलें तें १८०७ सालीं.

लिझर्डच्या वायव्येस हेल्स्टन हें लहानसें शहर आहे, आणि त्याच्या जवळच लो बार नांवाची खड्या-वाळूची लांब पट्टी समुद्राला आडवी पसरलेली आहे. ‘ॲन्सन’ ही चव्वेचाळीस तोफांची लढाऊ नौका त्या वर्षींच्या नाताळच्या सुमारास फॅल्मथ बंदरांतून फ्रान्सच्या किनाऱ्यावर पहारा करण्यासाठीं निघाली होती. तुफानानें तिला मागें लोटलें, नांगर तुटले, आणि २९ डिसेंबर रोजीं ती लो बारवर येऊन आदळली. कोरडी जमीन हांकेच्या अंतरावर होती. मोठी डोलकाठी मोडून किनाऱ्याच्या बाजूस पडली, तिचाच पूल करून कांहीं खलाशी उतरले. बाकीच्यांना लाटांनीं ओढून नेलें. मृतांचे आंकडे साठांपासून एकशें नव्वदांपर्यंत निरनिराळे दिले जातात. कप्तान चार्ल्स लिडियार्ड हा त्यांतच होता. किनाऱ्यावर मोठी गर्दी जमली होती. कांहीं धाडसी माणसें पाण्यांत शिरलींहि. परंतु बहुतेकांना डोळ्यांदेखत माणसें बुडतांना पाहण्यापलीकडे कांहीं करतां आलें नाहीं.

त्या गर्दींत हेल्स्टनचा हेन्री ट्रेनग्रूझ नांवाचा एक सुतार होता. घरगुती लांकडी सामान तयार करणें हा त्याचा धंदा. त्या दिवशींचें दृश्य त्याच्या मनांतून गेलें नाहीं. जहाज आणि किनारा यांच्यामध्यें एक दोरी जरी नेतां आली असती तरी केवढीं माणसें वांचलीं असतीं, या एका विचारानें त्याला पछाडलें. दारूच्या अग्निबाणाला बारीक दोरी बांधून ती लाटांवरून फेंकावयाची, तिच्या साह्यानें जाड दोर ओढून घ्यावयाचा, आणि त्या दोरावरून माणसाला बसवून किनाऱ्यावर आणावयाचें, अशी योजना त्यानें पुष्कळ वर्षें खपून सिद्ध केली. १८१८ सालीं आरमार-खात्याच्या अधिकाऱ्यांपुढें तिचा प्रयोग झाला. या उद्योगांत त्यानें स्वतःचे सुमारें तीन हजार पौंड घातले. सरकारकडून त्याला मिळाले पन्नास पौंड. रशियाच्या झारनें त्याला हिऱ्याची अंगठी पाठविली, तीहि पुढें पैशाच्या अडचणीमुळें गहाण पडली. १८५४ सालीं तो वारला. त्याच्या कल्पनेवर आणि त्याच सुमारास इतरांनीं केलेल्या अशाच प्रयत्नांवर उभारलेल्या साधनांनीं पुढें हजारों जीव वांचले.

‘ॲन्सन’च्या अपघाताचें दुसरेंहि एक फळ होतें. त्या काळच्या रिवाजाप्रमाणें समुद्रानें बाहेर टाकलेलीं अनोळखी प्रेतें कड्यावरच खड्डा खणून, कसलाहि विधि न करतां, पुरून टाकीत. ‘ॲन्सन’वरील खलाशांची तशीच वासलात लागलेली पाहून लोकांना चीड आली. हेल्स्टनच्याच टॉमस ग्रिल्स नांवाच्या वकिलानें कायद्याचा मसुदा तयार केला, आणि १८०८ सालीं पार्लमेंटनें तो मंजूर केला. वाहून आलेल्या बेवारशी प्रेतांचें दफन यापुढें त्या त्या गांवच्या चर्चच्या आवारांत, गांवच्या खर्चानें, रीतसर व्हावें असें ठरलें. म्हणजे एका लहान शहरांतील एका सुतारानें जिवंतांची आणि एका वकिलानें मृतांची काळजी वाहिली. दोघांनाहि हें काम कोणीं सांगितलें नव्हतें.

सरकारी पहारा या किनाऱ्यावर आला तो मात्र वेगळ्याच वाटेनें. ‘कोस्टगार्ड’ हें किनारा-रक्षक दल १८२२ सालीं स्थापन झालें, तें चोरट्या व्यापाराचा बंदोबस्त करण्यासाठीं. फ्रान्समधून जकात चुकवून दारू, तंबाखू, रेशीम आणणाऱ्या होड्या पकडणें हें त्याचें मुख्य काम. १८५६ सालीं तें आरमाराच्या ताब्यांत गेलें, आणि त्यांतून युद्धकाळासाठीं खलाशी मिळूं लागले. परंतु रात्रंदिवस कड्यावर उभ्या असलेल्या शिपायाला चोराच्या होडीबरोबर बुडणारी होडीहि दिसणारच. हळूहळू प्राणरक्षण हेंच त्याचें खरें काम होऊन बसलें. १९२५ च्या कायद्यानें हें दल आरमाराकडून काढून व्यापार-खात्याकडे सोंपविण्यांत आलें, तेव्हां त्या बदलावर सरकारी शिक्का बसला.

या पगारी पहाऱ्याच्या जोडीला बिनपगारी हात होते. १८२४ सालीं जहाजफुटींतून प्राण वांचविणारी एक संस्था लंडनमध्यें निघाली. तीच पुढें राष्ट्रीय जीवनौका-संस्था म्हणून प्रसिद्धीस आली. तिच्या नौका लोकांच्या देणग्यांतून बांधल्या जात, आणि हांक आली कीं गांवचे कोळी त्या हांकीत. लिझर्डला तिचें ठाणें १८५९ सालीं झालें. अशा तऱ्हेनें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पाहणारा डोळा आणि धांवणारे हात यांची सांगड या किनाऱ्यावर जमली.

ती सांगड काय करूं शके, याचीं दोन उदाहरणें पुरेशीं आहेत. लिझर्डच्या पूर्वेस मॅनॅकल्स नांवाचे कुप्रसिद्ध खडक आहेत. १४ ऑक्टोबर १८९८ च्या संध्याकाळीं लंडनहून न्यूयॉर्कला निघालेली ‘मोहेगन’ ही मोठी आगबोट सर्व दिवे लागलेले असतांना नेमकी त्या खडकांच्या दिशेनें जात असल्याचें किनाऱ्यावर पोर्थाउस्टॉकच्या जीवनौकेच्या सुकाणूदारानें पाहिलें. पुढें काय होणार हें त्याला कळून चुकलें, आणि त्यानें आपली माणसें गोळा करण्यास आरंभ केला. आगबोट आदळली आणि पाहतां पाहतां बुडाली. १०६ माणसें मेलीं. पण जीवनौकेनें त्या काळोखांतून ४४ जणांना परत आणलें. ती नौका आगबोट दिसतांच तयार झाली नसती, तर त्यांतील किती जण वांचले असते हें सांगणें कठीण आहे.

दुसरें उदाहरण ‘स्यूव्हिक’चें. ऑस्ट्रेलियाहून परतणारी ही आगबोट १७ मार्च १९०७ रोजीं रात्रीं धुक्यांत लिझर्डच्या खडकांवर चढली. दीपगृहाचा उजेड अधिकाऱ्यांना दिसला होता. अंतराचा अंदाज मात्र चुकला. लिझर्ड, कॅडग्विथ, कव्हरॅक आणि पोर्थलेव्हन या चार ठिकाणच्या जीवनौका निघाल्या. साठ स्वयंसेवक सोळा तास वल्हीं मारीत राहिले, आणि त्यांनीं ४५६ माणसें किनाऱ्यास लावलीं. त्यांत कित्येक तान्हीं मुलें होतीं. आगबोटीवरील एकहि माणूस दगावला नाहीं. त्या संस्थेच्या इतिहासांत एका प्रसंगीं याहून अधिक माणसें कधीं वांचविण्यांत आलीं नाहींत.

याच काळांत लिझर्डवर आणखी एक गोष्ट घडत होती. लिझर्डच्या टोकाच्या पूर्वेस बास पॉइंट नांवाचा कडा आहे. १८७२ सालीं तेथें जहाजांशीं निशाणांच्या खुणांनीं बोलणारी एक व्यापारी चौकी उभी राहिली. ती पुढें लॉइड्स या विमासंस्थेकडे गेली. महिनोन्‌महिने समुद्रावर असलेलें जहाज येथून जातांना आपलें नांव निशाणांनीं सांगे, आणि तें लंडनच्या पेढीवर तारेनें कळे. त्याआधीं दोनच वर्षें, म्हणजे १८७० सालीं, माउंट्स बे या आखाताच्या पलीकडे पोर्थकर्नो येथें समुद्राखालची तार किनाऱ्यास लागली होती. तिच्यामुळें लंडनचा निरोप लिस्बन, माल्टा, एडन या मार्गानें मुंबईस येऊं लागला. मुंबईच्या बाजारांत कापसाचा विलायती भाव कळे, तो या कॉर्नवॉलच्या वाळूखालून आलेल्या तारेनें.

पुढें मार्कोनी आला. बास पॉइंटजवळच्या एका लांकडी खोपटांत त्यानें आपलें बिनतारी ठाणें थाटलें. २३ जानेवारी १९०१ रोजीं तेथें वाइट बेटावरून, म्हणजे १८६ मैलांवरून, आलेली खूण ऐकूं आली. त्याच वर्षींच्या डिसेंबरांत लिझर्डच्याच पश्चिम किनाऱ्यावरील पोलधू येथून सुटलेली खूण अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडला पोंचली. साठ वर्षांनीं, जुलै १९६२ मध्यें, याच द्वीपकल्पावरील गूनहिली येथील अजस्र तबकडीनें टेलस्टार या उपग्रहाच्या द्वारें अमेरिकेशीं चित्रसंदेशांची देवघेव केली. पांच-दहा मैलांच्या टापूंत निशाणापासून उपग्रहापर्यंतचा सारा इतिहास घडलेला आहे. दूरचें ऐकण्याची विद्या माणसानें जितकी येथें साधली, तितकी फार थोड्या ठिकाणीं साधली असेल.

या विद्येचा परिणाम कड्यावरच्या पहारेकऱ्यावर होणें अपरिहार्य होतें. संकटांतील जहाज स्वतःच बोलूं लागल्यावर त्याच्याकडे टक लावून बसण्याचें काम काय, असा विचार सरकारदरबारीं बळावत गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लहान लहान टेहळणी-चौक्या एकामागून एक बंद होत गेल्या, आणि त्यांचें काम थोड्याशा मोठ्या केंद्रांत एकवटण्यांत आलें. हा विचार सर्वस्वीं चुकीचा होता असें म्हणतां येणार नाहीं. बिनतारीनें आणि पुढें उपग्रहांनीं समुद्रावर असंख्य प्राण वांचविले आहेत. धुक्यांत आणि अंधाऱ्या रात्रीं जेथें डोळा आंधळा होतो, तेथें यंत्र जागें असतें. प्रत्येक कड्यावर पगारी माणूस बसविण्यास पैसा लागतो, आणि दिवसांमागून दिवस त्याला कांहींच दिसत नाहीं. हिशेबाच्या वहींत असा माणूस निरुपयोगी ठरला, तर त्यांत नवल नाहीं.

यंत्र असलें तरी शेवटीं माणसाला जावें लागतें, याची आठवण या किनाऱ्याला १९ डिसेंबर १९८१ च्या रात्रीं फार क्रूरपणें झाली. माउंट्स बेच्या पश्चिमेस माउझल हें कोळ्यांचें खेडें आहे. ‘युनियन स्टार’ या मालवाहू आगबोटीचें इंजिन बंद पडलें. तिची हांक बिनतारीवर स्पष्ट ऐकूं आली. माउझलचे आठ स्वयंसेवक पेन्लीची जीवनौका घेऊन त्या तुफानांत गेले. त्यांनीं चौघांना आपल्या नौकेवर घेतल्याचा निरोपहि आला. नंतर निरोप येणें थांबलें. त्या रात्रीं दोन्ही नौकांवरील मिळून सोळा माणसें मेलीं. एका दिवसाच्या आंत त्याच खेड्यांतून नव्या जीवनौकेसाठीं पुरेसे स्वयंसेवक पुढें आले.

पेन्लीच्या प्रसंगीं हांक ऐकूं आली होती. लिझर्डवर १९९४ सालीं जें घडलें, त्यांत यंत्राच्या कानावर कांहींच पडलें नाहीं. बास पॉइंटची टेहळणी-चौकी नुकतीच बंद झाली होती. तिच्या समोरच्याच पाण्यांत, कड्यावरून सहज दृष्टीस पडावें अशा ठिकाणीं, कॉर्नवॉलचे दोन कोळी बुडून मेले. चौकीच्या खिडकीशीं माणूस बसलेला असता, तर तो त्यांना पाहूं शकला असता. जेथून मार्कोनीनें शेंकडों मैलांपलीकडची खूण ऐकली, जेथून थोड्याच मैलांवर उपग्रहाचें चित्र पकडलें गेलें, तेथें समोरच्या पाण्यांतील दोन माणसें कोणाला दिसलीं नाहींत. कारण पाहण्यासाठीं तेथें कोणीच नव्हतें.

लोकांना दुःख झालें, आणि संतापहि आला. चौकी पुन्हा उघडावी ही मागणी स्वाभाविक होती. पण लिझर्डच्या रहिवाशांनीं नुसत्या मागणीवर थांबावयाचें नाहीं असें ठरविलें. रिकामी चौकी होती, खिडकी होती, समोर समुद्र होता. उणीव फक्त बसणाऱ्या माणसाची होती. ती उणीव त्यांनीं स्वतः भरून काढली. १९९४ च्या डिसेंबरांत बास पॉइंटच्या त्याच चौकींत स्वयंसेवकांचा पहारा सुरू झाला. ‘नॅशनल कोस्टवॉच इन्स्टिट्यूशन’ या संस्थेचें हें पहिलें ठाणें.

या पहारेकऱ्यांचें काम दिसावयास साधें आहे. उजाडल्यापासून मावळेपर्यंतचा दिवस कांहीं तासांच्या पाळ्यांत वांटलेला असतो. पाळीवर असलेला माणूस मोठ्या दुर्बिणींतून समोरचा पट्टा एका बाजूकडून दुसरीकडे, जवळून दूरपर्यंत, पुन्हा पुन्हा तपासतो. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक लहानमोठ्या नौकेची वेळ, दिशा आणि वर्णन वहींत नोंदलें जातें. वारा, लाटा, दृष्टीची मर्यादा यांचीहि नोंद होते; आणि बाहेर निघालेला कोळी अथवा शिडाच्या होडीचा मालक बिनतारीवर विचारील, तर समोर समुद्र कसा आहे हें त्याला सांगितलें जातें. अनेक चौक्यांत रडार आणि जहाजांचीं नांवें दाखविणारें यंत्रहि आहे. स्वयंसेवकांनीं यंत्राशीं वैर धरलेलें नाहीं. यंत्राच्या शेजारीं त्यांनीं डोळा बसविला आहे.

या डोळ्याची गरज कोठें भासते, हें पाहिलें म्हणजे त्याचें प्रयोजन कळतें. मोठ्या जहाजाजवळ हांक मारण्याचीं साधनें पुष्कळ असतात. १ फेब्रुवारी १९९९ पासून तर संकटसूचनेची उपग्रहाधिष्ठित पद्धति जगांतील मोठ्या जहाजांवर पूर्णपणें अमलांत आली. पण ओहोटीबरोबर बाहेर ओढला गेलेला पोहणारा, वाऱ्यानें किनाऱ्यापासून दूर चाललेल्या फळीवरचें पोर, कड्याच्या पायथ्याशीं भरतीनें कोंडलेलें कुटुंब, उलटलेल्या छोट्या होडीला धरून राहिलेला म्हातारा कोळी, यांच्याजवळ हांक मारण्यासाठीं कंठाखेरीज कांहीं नसतें, आणि तो कंठ लाटांच्या आवाजापलीकडे जात नाहीं. ज्यानें हांकच मारलेली नाहीं, त्याची हांक यंत्र ऐकणार कसें? त्याला पाहावें लागतें. शिवाय, मघां होती ती होडी आतां नाहीं, ही शंका येण्यासाठीं मघां ती कोणी तरी पाहिलेली असावी लागते.

पहारेकरी स्वतः समुद्रांत उतरत नाहींत. तो त्यांचा अधिकारहि नाहीं. संशय येतांच ते कोस्टगार्डच्या केंद्राला कळवितात, जागा सांगतात, आणि जीवनौका किंवा विमान पोंचेपर्यंत त्या ठिपक्यावरची नजर काढीत नाहींत. हें शेवटचें काम सर्वांत अवघड. लाटांच्या गर्दींत माणसाचें डोकें नारळाएवढेंहि दिसत नाहीं. एकदां नजर हलली कीं पुन्हा सांपडणें कठीण. म्हणून नव्या माणसाला आधीं शिकावें लागतें. नकाशा वाचणें, दिशा मोजणें, बिनतारीवरची ठराविक भाषा, हवामान, नौकांचे प्रकार, या साऱ्यांत तयार झाल्यावरच त्याला पाळी मिळते. कामाची कसोटी लागून योग्य ठरलेल्या चौक्यांना कोस्टगार्ड आपल्या शोध-बचावाच्या व्यवस्थेंत अधिकृत स्थान देतें. पगार कोणालाच नाहीं. चौक्यांचा खर्च मुख्यतः देणग्यांवर चालतो.

लिझर्डचें हें उदाहरण झपाट्यानें पसरलें. लँड्स एंडजवळील ग्वेनॅप हेड, केप कॉर्नवॉल, सेंट आइव्ह्ज, अशा एकेका कड्यावरील ओस चौक्या पुन्हा उघडल्या. पुढें कॉर्नवॉलच्या सीमाहि ओलांडल्या गेल्या, आणि इंग्लंड-वेल्सच्या किनाऱ्यावर अशा पन्नासांहून अधिक चौक्या उभ्या राहून त्यांत अडीच हजारांहून अधिक स्वयंसेवक पाळ्या करूं लागले. त्यांत निवृत्त खलाशी आहेत, तसेच ज्यांनीं जन्मांत कधीं सुकाणूला हात लावला नाहीं असे स्त्रीपुरुषहि आहेत.

या साऱ्या कौतुकांत एक टोंचणारा प्रश्न मात्र दडपून टाकतां येत नाहीं. जें काम राज्यानें करावयाचें, तें नागरिकांनीं फुकट अंगावर घेतलें, तर राज्य आपल्या कर्तव्यांतून सुटलें असें होत नाहीं काय? आज चौकी, उद्यां आणखी कांहीं. लोक करतातच आहेत म्हटल्यावर हिशेबनीस तेवढा खर्च सहज कापूं शकतो. हा आक्षेप हलका नाहीं. स्वयंसेवा सर्वत्र सारखी उगवतहि नाहीं. जेथें वस्ती मोठी आणि माणसांना सवड, तेथें चौकी चालते, आणि जेथें कडा ओसाड, तेथें कदाचित् पहारा सर्वांत अधिक हवा असूनहि मिळत नाहीं. बहुतेक चौक्या दिवसाच जाग्या असतात. रात्रीचा समुद्र पुन्हा यंत्रावरच सोंपविलेला असतो.

तरीहि लिझर्डचा चारशें वर्षांचा इतिहास या आक्षेपाच्या शेजारीं ठेवून पाहिला पाहिजे. किलिग्रूनें दिवा लावला तेव्हां सरकारनें अट घातली आणि जहाजमालकांनीं पैसे दिले नाहींत. ट्रेनग्रूझनें अग्निबाण सिद्ध केला तेव्हां त्याच्या वांट्याला पन्नास पौंड आले. कोस्टगार्ड चोर पकडण्यास आलें आणि माणसें वांचविण्यास शिकलें. प्रत्येक वेळीं समुद्राकडे प्रथम वळला तो कोणा एकाचा खाजगी डोळा. त्यानें जें पाहिलें तें विसरण्याचें त्यानें नाकारलें, आणि मग मागाहून कायदे आले, खातीं आलीं, पगार आले. १९९४ सालीं लिझर्डच्या लोकांनीं राज्याचें ओझें उचललें खरें. पण तसें करून त्यांनीं राज्याला दोषमुक्त केलें नाहीं. रिकाम्या खिडकींत जाऊन बसणें हा तिच्या रिकामेपणाचा सर्वांत स्पष्ट निषेध होता, आणि त्याच वेळीं पुढच्या होडीसाठीं केलेली तरतूदहि होती. निषेधाच्या सभा भरवीत राहिल्यानें पहिला हेतु साधला असता, दुसरा साधला नसता.

अशा चौकीची नोंदवही उघडून पाहिली, तर बहुतेक पानें रूक्ष असतात. सकाळीं अमुक वाजतां निळ्या रंगाची मासेमारीची होडी पूर्वेस गेली. दुपारीं तीच परत आली. वारा नैर्ऋत्येचा. दृष्टि चांगली. पाळी संपली. ‘मोहेगन’ किंवा ‘स्यूव्हिक’ यांची कथा वाचण्यास जितकी रोमांचकारक, तितकें हें पान कंटाळवाणें. पण निळी होडी परत आली, ही नोंद करण्यासाठींच तो माणूस तेथें बसलेला असतो. कड्याखालीं ज्या दोन कोळ्यांची परत येण्याची नोंद कोणीं केली नाहीं, त्यांच्या नंतर लिझर्डचा किनारा पुन्हा डोळे उघडून बसला आहे.